अब्बांचं 'व्हय'

आमच्या यास्मिनची जवळजवळ ठरलेली मंगनी मोडायला एकच शब्द पुरला, आणि तो शब्द 'होय' हा होता.

नकारानं मोडलेली लग्नं मी पुष्कळ पाहिली आहेत. होकारानं मोडायला आलेलं लग्न मात्र आमच्याच घरात निघालं, आणि त्यामागं माझी मेहनत होती. साधीसुधी मेहनत नव्हे! त्यासाठी मी उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवून प्रशिक्षणं केली होती, प्रमाणपत्रं लॅमिनेट करून भिंतीवर टांगली होती. (अम्मी पाहुण्यांना सांगते, "भिंतीला पोपडे आलते, तिथं लावलीत.")

मी लोणी भापकरच्या बाजूला एका वस्तीवरच्या शाळेत शिक्षक आहे. नुसता शिक्षक नाही, तंत्रस्नेही शिक्षक. हा शब्द ज्यांना नवा असेल त्यांच्यासाठी सांगतो: प्रोजेक्टरची वायर कुठं लावायची हे ज्याला कळतं, आणि जो ते दुसऱ्या कुणाला कळू देत नाही, त्याला तंत्रस्नेही म्हणतात. मला या गोष्टींचं खरंच वेड आहे. नवीन काही आलं की माझ्या पोटात गुदगुल्या होतात आणि घरच्यांच्या पोटात गोळा येतो.

तर यास्मिन माझी धाकटी बहीण. बीएस्सी झालेली, तोंडाची फटकळ. तिला इंदापूरच्या शेख गुरुजींच्या इरफानचं स्थळ आलं. इरफान एका डेअरीत दूध तपासतो. पाहायला आला तेव्हा दोघांना पडवीत जरा वेळ बोलू दिलं. या पठ्ठ्यानं तेवढ्या वेळात तिला दुधातली भेसळ कशी ओळखायची ते सांगितलं! आम्हाला वाटलं, गेलं स्थळ. पण यास्मिन आत आली ती गालातल्या गालात हसत. म्हणाली, "माणूस खरा वाटतोय." यास्मिननं कुणाला खरा म्हणणं हीच मोठी बातमी होती. तिकडूनही पसंतीचा सूर होता. आता फक्त मंगनीचा दिवस ठरायचा होता, आणि दोन्ही घरांच्या रिवाजाप्रमाणं तोवर मुलामुलीनं एकमेकांशी बोलायचं नव्हतं. बोलायचं ते वडिलांनी वडिलांशी.

इथं अडचण होती. शेख गुरुजी म्हणजे इंग्रजीचे निवृत्त शिक्षक, आणि त्यांना ऐकायला कमी येतं. फोनवर तर काहीच कळत नाही. म्हणून ते जे काही असेल ते मेसेज करून विचारतात, शुद्धलेखनासकट. आणि आमच्या अब्बांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डोळ्यांवर काळा चष्मा, आणि डॉक्टरांची ताकीद: मोबाईलच्या पडद्याकडं बघायचं नाही. म्हणजे एकाला ऐकू येत नाही, एकाला वाचता येत नाही, आणि माझ्या बहिणीचा संसार या दोघांच्या बोलण्यावर उभा राहायचा.

अम्मी म्हणाली, "सलीम, तूच लिहीत जा अब्बांच्या वतीनं."

"मी कशाला?" मी म्हणालो. "अम्मी, जग कुठं चाललंय! अब्बा बोलतील, मोबाईल लिहील. गुरुजी लिहितील, मोबाईल वाचून दाखवेल. यालाच माहिती तंत्रज्ञान म्हणतात!"

"व्हय का?" अब्बा म्हणाले. हा शब्द मी त्या क्षणी नीट ऐकायला हवा होता.

मी कामाला लागलो. अंगात नुसता वारा भरला होता! अब्बांना दोन बटणं दाखवली: एक बोलायचं, एक पाठवायचं. बोलून लिहायची सोय मराठीत लावली. मग विचार केला, अब्बांच्या बोलण्यात ट्रॅक्टर, फॅक्टरी, मोटर असे शब्द येतात, तर इंग्रजीही लावून टाकू. दोन्ही भाषा एकदम! जो शब्द ज्या भाषेतला वाटेल त्या भाषेत मोबाईल आपणच लिहील. आणि जाताजाता आणखी एक शहाणपण केलं. मोबाईल हलका राहावा म्हणून मेसेज रोजच्या रोज आपोआप पुसले जातील अशी सोय करून ठेवली. (हे मला कुणीही सांगितलं नव्हतं.)

मग मी निश्चिंत मनानं माझ्या भाषणाच्या तयारीला लागलो. इंदापुरात शिक्षकांचा मेळावा होता आणि त्यात मला विषय दिला होता: माहिती तंत्रज्ञानाची शिक्षणातील आणि समाजातील भूमिका.

गुरुजींचा पहिला मेसेज आला तेव्हा मी शाळेत होतो. मोबाईलमधली बाई खणखणीत आवाजात वाचू लागली, "रशीदभाई, येत्या रविवारी मंगनीचा कार्यक्रम ठेवावा, असे आमच्या घरी वाटते. आपली संमती आहे का? जोडलेले हात. जोडलेले हात. गुलाब."

"गुलाब कशाला?" अब्बा म्हणाले.

"हाराला पायजे असतील," अम्मी म्हणाली.

अब्बांनी बोलायचं बटण दाबलं, मोबाईल तोंडाजवळ धरला आणि आमच्या पिंपळी गावात होकार जसा देतात तसा भरघोस होकार दिला: "व्हय!" आणि पाठवून टाकला.

इंदापुरात काय पोचलं ते आम्हाला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. मी हौसेनं लावलेल्या दोन भाषांपैकी मराठीला 'व्हय' हा शब्द पुस्तकी वाटला नाही, इंग्रजीला तो ओळखीचा वाटला, आणि तिनं तो उचलला. गुरुजींच्या मोबाईलवर इंग्रजीत उमटलं: 'व्हाय?' म्हणजे 'का?'

रविवारी मंगनी ठेवावी का? तर, का?

दुसरा कुणी असता तर तिथंच भडकला असता. पण गुरुजींनी जन्मभर इंग्रजी शिकवलं, आणि वर्गात कुणी 'व्हाय' विचारावं म्हणून ते जन्मभर वाट पाहत राहिले. त्यांना रशीदभाईंचं कौतुकच वाटलं! त्यांनी सविस्तर उत्तर लिहिलं. रविवारी इरफानला सुट्टी असते, फलटणचे मामा येऊ शकतात, हॉल मोकळा आहे, आणि मुळात चांगल्या कामाला विलंब नको. बाईनं ते सगळं वाचून दाखवेपर्यंत अब्बांचा चहा निवला.

"येवडं कशापायी सांगतोय हा माणूस? मी व्हय म्हणलो न्हवं?"

"मास्तर हायेत," अम्मी म्हणाली. "समजावून सांगायची सवय असती."

अब्बांनी बटण दाबलं. "व्हय व्हय!"

इंदापुरात: 'व्हाय? व्हाय?'

आता गुरुजी जरा चमकले. पण संयमी माणूस. त्यांना वाटलं, दिवसाबद्दल नाही, मूळ स्थळाबद्दलच काहीतरी शंका दिसते. म्हणून त्यांनी सरळ विचारलं, "रशीदभाई, मनमोकळे बोलावे. आमचा इरफान आपल्याला पसंत आहे ना?"

आमच्याकडं हा प्रश्न ऐकून अब्बांचा ऊर भरून आला. बिचाऱ्या बापाला अजून धाकधूक आहे म्हणाले, त्याला एकदा मनापासून सांगतो. आणि मनापासून, घसा साफ करून, त्यांनी सांगितलं: "व्हय!!"

आमचा इरफान पसंत आहे ना? 'का?'

गुरुजींनी त्या दिवशी दुपारचं जेवण सोडलं, असं मला नंतर इरफाननं सांगितलं. तरी अब्बा गप्प बसले असते तर निभावलं असतं. पण संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही म्हणून अब्बांनीच पुढाकार घेतला. आमच्याकडची मंडळी मोजकी, खर्चाची काळजी नको, असं कळवायचं त्यांच्या मनात होतं, बोलले मात्र थोडक्यात: "आमी समदी रविवारी येतो, तुमी तयारीत ऱ्हावा."

मोबाईलनं 'आमी'चं केलं आर्मी, आणि 'तुमी'चं केलं टमी. गुरुजींच्या पडद्यावर इंदापूरच्या इतिहासात कधी न आलेला खलिता उमटला: आर्मी रविवारी येते, टमी तयारीत ऱ्हावा. फौज येणार, पोटं तयार ठेवा! गुरुजींनी ते वाक्य घरात तिघांना वाचायला दिलं, फलटणलाही पाठवलं. फलटणच्या मामांचं मत पडलं की हे लोक गाडीभर माणसं आणून जेवणावर तुटून पडणार आहेत. मामींचं मत पडलं की पोटात काहीतरी खुपसणार आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बाईनं, आवाजात जराही फरक न करता, वाचलं: "तूर्त मंगनीचा विचार स्थगित ठेवावा. आपल्या शंकांचे निरसन करण्यास आम्ही असमर्थ आहोत. जोडलेले हात." या वेळी गुलाब नव्हता.

मी शाळेतून आलो तर घरात चूल थंड. अब्बा पडवीत काळा चष्मा लावून बसलेले, अम्मी पदराला डोळे पुसतेय, आणि यास्मिन माझीच वाट पाहत उभी.

"भाई, काय केलंस तू?"

"मी?" मी म्हणालो. "मी तर भाषण पाठ करत होतो!"

"मी काय वंगाळ बोललो न्हाय रं," अब्बा म्हणाले. त्यांचा आवाज असा पडलेला मी कधी ऐकला नव्हता. "इचारलं त्याला व्हयच म्हणलोय. एकदा सुदिक न्हाय म्हणलो न्हाय."

"अब्बा, यंत्र कधी चुकत नाही," मी समजुतीनं सांगितलं. "तुम्हीच काहीतरी तिरकं बोलला असाल. थांबा, मेसेज बघतो." मोबाईल उघडला. आत सकाळचा तो एक मेसेज सोडला तर काहीच नव्हतं. रोजच्या रोज आपोआप पुसले जात होते ना! इतकी स्वच्छता मी आमच्या शाळेतही पाहिलेली नाही.

यास्मिन माझ्याकडं बघत राहिली. मग तिचे डोळे भरले. फटकळ माणूस रडायला लागला की घरातल्या कुणालाच काय करावं कळत नाही. "मला तो मुलगा आवडला होता," ती म्हणाली. एवढंच. मला माझ्या सगळ्या लॅमिनेट केलेल्या प्रमाणपत्रांसकट जमिनीत जावंसं वाटलं.

पण तंत्रस्नेही माणूस सहजासहजी हरत नाही! शिक्षकांचा मेळावा उद्याच होता, इंदापुरात होता, आणि गुरुजी प्रमुख पाहुणे होते. मी ठरवलं, अब्बांनाच घेऊन जायचं. आधी माझ्या भाषणात त्यांचं प्रात्यक्षिक दाखवायचं, शेतकरी माणूस या वयात बोलून लिहितो हे बघून गुरुजी खूश होतील, मग दोघांना शेजारी बसवून गैरसमज मिटवायचा. एका कार्यक्रमात शिक्षण आणि समाज दोन्ही! यास्मिन म्हणाली, "मीपण येणार. तुझ्यावर सोडलं तर अब्बा तिकडंच राहतील."

एसटीनं काटेवाडी मागं टाकली. लासुर्ण्याच्या पुढं अब्बांनी विचारलं, "सलीम, इंग्रजी शिकवणारी मानसं लई रागीट असत्यात का रं?" मी म्हणालो, "नाही हो, व्याकरणापुरती." पुढं एसटी उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगत राहिली आणि मी मनातल्या मनात भाषण घोकत राहिलो.

हॉल भरला होता. शेख गुरुजी पहिल्या रांगेत मध्यभागी, पांढरीशुभ्र टोपी, ताठ. मी सलाम केला. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "बोला. आणि का बोलता, तेही सांगा." मला वाटलं, ऐकायला कमी येतं म्हणून असं काहीतरी.

भाषण मात्र रंगलं! प्रोजेक्टर पहिल्या झटक्यात लागला, ध्वनिक्षेपक दणदणीत होता. मी हात उंचावून म्हणालो, "मित्रहो, तंत्रज्ञान माणसं जोडतं!" गुरुजींनी छताकडं पाहिलं. "आणि याचा जिवंत पुरावा मी सोबत आणला आहे. माझे वडील!"

टाळ्यांच्या गजरात अब्बा वर आले. मी त्यांचा मोबाईल मोठ्या पडद्याला जोडला, त्यांच्यासमोर माइक धरला, बोलायचं बटण दाबलं. "अब्बा, तुमची ओळख सांगा."

"मी रशीद तांबोळी," अब्बा म्हणाले. पडद्यावर अक्षरं झरझर उमटली. सभागृहातून 'वा' आलं. माझी छाती फुगली. "पिंपळीला असतो. ऊस हाय. दोन म्हशी हायेत."

पडद्यावर उमटलं: पिंपळीला असतो. ऊस, आणि पुढं इंग्रजीत, हाय! उसाला असा नमस्कार घातलेला पाहून मागच्या रांगा हसल्या. अब्बांना वाटलं, आपलं भाषण जमतंय. ते रंगात आले. "आमी शेतकरी मानसं!" पडद्यावर आर्मी आली. गुरुजी खुर्चीत पुढं सरकले.

"किरकोळ तांत्रिक अडचण," असं म्हणून मी एकदम सोपा, एका शब्दात उत्तर येईल असा प्रश्न काढला. "अब्बा, हा मोबाईल तुम्हाला वापरायला सोपा वाटतो ना?"

"व्हय!"

ध्वनिक्षेपकातून तो शब्द हॉलभर घुमला, आणि त्याच वेळी पडद्यावर, हत्तीएवढ्या अक्षरांत, इंग्रजीत उमटलं: 'व्हाय?'

हॉल हसून कोसळला. मी बंद करायचं बटण शोधत होतो. तेवढ्यात मागच्या दारातून यास्मिन ओरडली, "भाई, बंद करू नको! अब्बा, परत म्हणा!"

"काय म्हणू?"

"गुरुजींनी विचारलं होतं, मुलगा पसंत आहे का, तेव्हा काय म्हणालात?"

"व्हय म्हणलो की!" पडद्यावर: 'व्हाय म्हणलो की!' "चारदा म्हणलो! व्हय, व्हय, व्हय, व्हय!"

पडदा प्रश्नचिन्हांनी भरून गेला. अब्बांना पडद्याकडं बघायची डॉक्टरांची बंदी, त्यामुळं आख्खं सभागृह का लोळतंय हे त्या हॉलमध्ये फक्त त्यांनाच माहीत नव्हतं.

गुरुजी उठले. सावकाश स्टेजवर आले. एकदा पडद्याकडं पाहिलं, एकदा अब्बांच्या तोंडाकडं. त्यांना अब्बांचा आवाज नीट असा आज पहिल्यांदाच ऐकू आला होता, तोही माझ्या भाषणासाठी लावलेल्या कर्ण्यांमुळं. (माझ्या वाट्याला एवढं तरी श्रेय राहू द्या.) त्यांनी माइक माझ्या हातातून काढून घेतला.

"रशीदभाई, म्हणजे तुम्ही मला 'का' असे विचारत नव्हता?"

"मी कशाला इचारू?" अब्बा म्हणाले. "पोरगं सोन्यासारकं हाय. का इचारायला मी काय येडा हाय का?"

गुरुजी हसायला लागले. इतके हसले की टोपी तिरकी झाली. मग अब्बांचा हात हातात घेऊन म्हणाले, "आणि मी दुपारचे जेवलो नाही हो त्यापायी!" अब्बांनी काळा चष्मा काढला, डोळे पुसले, परत घातला. ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी काढायचं नाही, हेही डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या घडीला कोण ऐकतो!

मग गुरुजी माइकवर म्हणाले, "यास्मिन बेटी, सगळ्यांना विचारून झाले. तुला कुणी विचारलेच नाही. इरफान तुला पसंत आहे का?"

यास्मिन पुढं आली. स्टेजवर चढून आधी तिनं माझ्यासमोरचा मोबाईल उचलला, बंद केला, पर्समध्ये टाकला. बारामतीच्या कॉलेजात जाऊन शुद्ध मराठी बोलायला शिकलेली माझी बहीण मग माइकजवळ वाकली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "व्हय."

अशा टाळ्या त्या हॉलमध्ये माझ्या भाषणाला पडल्या नव्हत्या, आणि पडायची शक्यताही नव्हती. आभार मानताना गुरुजी म्हणाले, "आजच्या वक्त्यांनी विषय केवळ सांगितला नाही, तो आमच्या दोन्ही कुटुंबांना भोगायला लावला." ते मी अजून प्रशस्तिपत्र म्हणूनच धरतो.

मंगनी ठरल्या रविवारीच झाली. आमच्या घरची मोजकी मंडळी गेली, फलटणच्या मामींनी आमच्या हातांकडं नीट पाहून घेतलं आणि मग मिठी मारली. निघायच्या आधी अब्बांनी मला बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला होता.

"सलीम, मोबाईलमदलं तुज्याएवडं आपल्या घरात कुणालाच कळत न्हाय. म्हणून तिथं लई जबाबदारीचं काम तुलाच देतोय."

मला भरून आलं. "सांगा अब्बा! थेट प्रक्षेपण करू? फोटोंचा अल्बम आपोआप तयार होईल असं काही लावू?"

अब्बांनी भाकरीची रिकामी दुरडी माझ्या हातात दिली. मंगनी पार पडेपर्यंत मी हॉलच्या दारात उभा राहून येईल त्या पाहुण्याचा मोबाईल तिच्यात जमा करून घेत होतो, आणि पहिला मोबाईल अब्बांनी माझाच टाकायला लावला.